हे जुने झाले आहेत

टूथब्रश घ्यायचा म्हटला तरी चाळीसेक अनोळखी माणसांचं मत घेतल्याशिवाय ज्याचा हात खिशाकडे जात नाही, त्याला ऑफिसात काय नाव पडणार? त्याला सगळे 'सुचवा' म्हणत. इंटरनेटवरची त्याची प्रत्येक पोस्ट 'कृपया सुचवा' या दोन शब्दांनी संपायची, म्हणून. पुढं पुढं साहेबसुद्धा फायलीवर 'सुचवा यांनी पाहावे' असं लिहू लागले, आणि तो निमूटपणे पाहू लागला.

त्याची नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानांतून आलेले तराजू टेबलावर मांडायचे, पितळी वजनं ठेवायची, काटा मध्ये आला की 'बरोबर' असा शिक्का मारायचा. जगाचे काटे सरळ करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा काटा मात्र जन्मात कधी मध्ये आला नव्हता. एकदा त्यानं सुट्टीत वाचायला पुस्तक सुचवा म्हणून विचारलं. लोकांनी सुचवलं, मग एकमेकांच्या सुचवण्यावर तुटून पडले, आणि त्यानं सगळी सुट्टी ते भांडण वाचण्यात घालवली. चांगलं होतं, शेवट जरा लांबला, असं त्याचं प्रामाणिक मत पडलं. दुसऱ्या वेळी त्यानं 'गर्दी नसलेलं शांत ठिकाण' विचारलं. कुणीतरी एक तळं सुचवलं. हा बायकोला घेऊन तिथं पोचला, तर ते उत्तर वाचलेले झाडून सगळे तिथं आधीच आलेले. बायको काठावर उभी राहून "किती शांत आहे" म्हणाली, पण ते त्याला ऐकू जायला तिला दोनदा ओरडावं लागलं.

ही बायको म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. ती नवराबायकोंचे तंटे सोडवायची. म्हणजे तसं शिक्षणच घेतलं होतं तिनं. एका सल्ला केंद्रात बरीच वर्षं काढल्यावर आता ती स्वतःचं काम सुरू करणार होती, घरातल्याच पुढच्या खोलीत. रविवारी सुरुवात. सहा जणींनी वेळ ठरवली होती, आणि त्या सहाही जणी 'मैत्रिणींनो, सांगा' या फक्त बायकांच्या इंटरनेटवरच्या ग्रुपमधून आलेल्या. त्या ग्रुपमध्ये बायकोच्या शब्दाला मान होता. ती स्वतः कधी काही विचारत नसे. कुणी विचारलं तर थोडक्यात आणि नेमकं उत्तर द्यायची. अशा बाईकडे माणसं मन मोकळं करायला येतात. तिच्या नवऱ्याकडे ती फक्त तराजू घेऊन येत.

तर या बायकोनं त्याला एकच काम सांगितलं होतं.

"पुढच्या खोलीचे पडदे बदल. आईंनी दिलेले ते तपकिरी मखमली फार अंधारे वाटतात. येणाऱ्या बाईला वाटेल, इथं कुणाचं तरी निधन झालंय."

"कुठले आणू?"

"तुला आवडतील ते."

"म्हणजे कशा प्रकारचे?"

"अरे, पडदे! खिडकीला लावतात ते. आणि हे बघ, कुणाला विचारू नकोस. दुकानात जा, हात लावून बघ, घेऊन ये."

तो गेला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. दुकानदारानं गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. "यातले चांगले कुठले?" त्यानं विचारलं. दुकानदार हसून म्हणाला, "ते तर तुमच्यावर आहे." या वाक्यानं त्याला घेरी आली. तो पाणी पिऊन परतला.

मग त्यानं विचारलं. पण माणसांनाच विचारलं, इंटरनेटवर नाही, म्हणजे बायकोची आज्ञा तशी अर्धीच मोडली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पडदे कशाला? खिडकीच बुजवून टाक. मी आमची बुजवली. काकू बोलत नाही तेव्हापासून, पण घर थंड राहतं." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पडदे बदललेस की दांड्या जुन्या दिसतील, दांड्या बदलल्यास की भिंत जुनी दिसेल, भिंत रंगवलीस की तू जुना दिसशील. कुठं थांबायचं ते आधी ठरव." ऑफिसातले हिशेबनीस म्हणाले, "पडदा ही वस्तू नसून सवय आहे." यावर तो दुपारभर विचार करत राहिला, आणि त्या दुपारी एका आडमुठ्या तराजूला त्यानं उलटा शिक्का मारला.

नेहमीच्या ग्रुपवर विचारावं, तर तिथल्या अॅडमिननं त्याच्यावर 'आठवड्याला एकच प्रश्न' असा खास नियम लावलेला, आणि या आठवड्याचा प्रश्न त्यानं सोमवारीच पायपुसणं कुठलं घ्यावं यावर खर्चून टाकला होता. माणसानं भविष्याचा विचार करावा तो असा.

शुक्रवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. बायकोचा सल्ला केंद्रातला शेवटचा दिवस होता. ती निरोप घ्यायला गेली होती. तिचा टॅब्लेट ओट्यावर पडला होता, चालू, आणि पडद्यावर, म्हणजे त्याच्या काचेवर, तो ग्रुप उघडा. घरातल्या वस्तूंबद्दल इतकी खात्रीची माहिती कुठंच मिळत नाही, हे सगळ्या पुरुषांनी ऐकलेलं असतं. त्यानं टॅब्लेट हातात घेतला. आपण इतर बायकांचं काहीही वाचणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि ते पाळलंही. फक्त एका डॉक्टरबाईंनी आपल्या जाऊबाईंविषयी लिहिलेलं तेवढं वाचलं, कारण ते सगळ्यात वर होतं. आणि त्याचा दुसरा भाग वाचला, कारण पहिला भाग फार अवघड जागी संपला होता.

मग त्यानं फोटो काढला. पडद्यांची उंची लोकांना नीट कळावी म्हणून टॅब्लेट खुर्चीवर टेकवून तो स्वतः दोन पडद्यांच्या मधोमध उभा राहिला. वजनमापं खात्याचा माणूस, मापाशिवाय फोटो कसा पाठवेल? घरातल्या बनियनवर, हात बाजूला सरळ, चेहरा गंभीर. खाली मजकूर लिहिला आणि पाठवला.

पोस्ट परत आली. ''पडदे' हा शब्द या ग्रुपमध्ये स्वीकारला जात नाही.' मध्यंतरी कुणा पडदेवाल्यानं जाहिरातींचा मारा केला होता, म्हणून अॅडमिननं तो शब्दच बंद केला होता. त्यानं 'पडदा' लिहून पाहिलं. परत. 'प ड दे' लिहून पाहिलं. परत, आणि सोबत सूचना की चलाखी चालणार नाही. 'खिडकीचे कपडे' लिहिलं, पण ते वाचून त्याला स्वतःलाच संकोच वाटला. शेवटी त्याच्यातला कारकून जागा झाला. फोटो तर सोबत आहेच, मग नाव कशाला हवं? त्यानं मजकुरातला प्रत्येक 'पडदे' खोडला आणि त्या जागी 'हे' घातलं. पोस्ट गेली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या खात्यावर मात केल्याचा आनंद झाला.

गेलेली पोस्ट अशी:

'मैत्रिणींनो, हे आता जुने झाले आहेत. आठ वर्षं वापरले. सासूबाईंनी दिलेले आहेत, म्हणून इतके दिवस काढून टाकले नाहीत. पण हे असले की खोली अंधारल्यासारखी वाटते. दिवसभर नुसते लोंबत असतात. ओढले तरी हलत नाहीत, हलले तर फार कुरकुर करतात. रंग उडाला आहे, मधल्या भागात फुगवटा आला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लाज वाटते. रविवारच्या आत बदलायचे आहेत. प्रसन्न, हलके आणि घरकाम न वाढवणारे हवेत. फोटो जोडला आहे. कृपया सुचवा.'

त्या ग्रुपवर बायकोचं नाव होतं, बायकोचा फोटो होता. आणि आपल्याकडे अजूनही हजारो घरांत नवऱ्याचं नाव 'हे' असंच असतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही, कारण त्याची बायको त्याला 'अरे' म्हणायची.

उत्तरं येऊ लागली. पहिलं होतं, "ताई, धीर धर." पडद्यांच्या बाबतीत बायका किती हळव्या असतात, याचं त्याला कौतुक वाटलं. दुसरीनं विचारलं, "सुरुवातीपासून असेच का गं?"

त्यानं लिहिलं, "नाही. सुरुवातीला बरे दिसायचे. उन्हानं गेले."

"काही उपाय करून पाहिलास?"

"एका जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, आतलं अस्तर गेलंय, वरचं कापड तेवढं राहिलंय."

"किती सुंदर लिहितेस," तिसरी म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं."

"सासूकडे परत का पाठवत नाहीस?"

"त्यांनी जागा नाही म्हणून तर आमच्याकडे दिले."

"दुसरे कुणी बघून ठेवलेत का? मोकळेपणानं सांग, इथं आपण सगळ्या आपल्याच आहोत."

'कुणी' हा शब्द त्याला जरा खटकला, पण लोकांच्या शुद्धलेखनाकडे तो लक्ष देत नसे. "ऑफिसजवळ दोन-तीन बघितलेत," त्यानं लिहिलं. "एक तर फारच मऊ आहेत. पण घरी आणून बघितल्याशिवाय नक्की करणार नाही."

यावर एकदम पन्नास-साठ बायका बोलू लागल्या. काही म्हणत होत्या शाबास, काही म्हणत होत्या जपून. एक वकीलबाई मध्ये शिरल्या: "घाई करू नकोस. आधी पोटगीचं बघू."

पोटगी म्हणजे पडद्याच्या वरच्या झालरीला म्हणत असावेत, असं त्याला वाटलं. "पोटगी लागेल का?" त्यानं विचारलं. "खिडकी लहान आहे."

"खिडकीचं काय?" वकीलबाई म्हणाल्या. "तू खिडकीजवळ जाऊ नकोस. कुणीतरी तिच्याशी बोलत राहा गं."

आता मात्र त्यानं आपलीच पोस्ट पुन्हा उघडून पाहिली. ग्रुपनं फोटो आपोआप चौकोनी कापला होता. दोन्हीकडचे पडदे गेले होते. उरला होता तो, बनियनवर, हात बाजूला, आणि खाली ओळ: हे आता जुने झाले आहेत.

मग त्यानं अॅडमिनला लिहिलं, पोस्ट काढून टाका. अॅडमिन म्हणजे मोठ्या ताई, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या शहराला गृहपाठ देऊन दमल्या नव्हत्या. त्यांचं उत्तर तत्काळ आलं: "दबावाखाली पोस्ट काढू दिली जात नाही. घाबरू नकोस. तुझ्या हातून टॅब्लेट हिसकावला असेल, तर मोकळं काही लिहू नकोस. बोलता बोलता नुसता 'चहा' हा शब्द टाक. आम्ही समजू."

त्यानं लिहिलं, "चहा वगैरे काही नाही हो, फक्त पोस्ट काढा."

"समजलं," मोठ्या ताई म्हणाल्या. "निघालोच."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. आई होती. आई त्या ग्रुपमध्ये आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मुलाला आईविषयी बऱ्याच गोष्टी माहीत नसतात.

"वाचलं मी," आई म्हणाली.

"आई, ते तसं नाही."

"तिला एक शब्द बोलू नकोस. फार सौम्य लिहिलंय बिचारीनं. फुगवट्याचं तर मी तुला लग्नाआधीपासून सांगतेय."

"अगं, ते तू दिलेले..."

"दिले म्हणजे परत घेईन असं नाही. आमच्याकडे जागा नाही." आणि तिनं फोन ठेवला.

तो खुर्चीवर बसला. टॅब्लेटवर कमेंट वाहत होत्या. त्यात त्याच्या मामेबहिणीची होती, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेची होती, त्याच्या दातांच्या डॉक्टरणीची होती. त्याला ओळखणाऱ्या चांगल्या दहा-बारा बायका निघाल्या, आणि त्यांतल्या एकीनंसुद्धा 'छे, तो तसा नाही' असं लिहिलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरणीनं तर लिहिलं होतं, "तोंड उघडा म्हटलं तरी आधी बाहेर बसलेल्यांचं मत घेतात." ओढले तरी हलत नाहीत. खोली अंधारल्यासारखी वाटते. त्यानं स्वतःच लिहिलेली वाक्यं पुन्हा वाचली आणि प्रत्येक वाक्याशी त्याला आपलं थोडं थोडं नातं लागत गेलं. काटा पहिल्यांदाच अगदी मध्ये येऊन थांबला होता.

दार उघडलं. निरोपाचा गुच्छ हातात घेऊन बायको आत आली आणि तिच्या मागोमाग, जिन्यातच तिला गाठून, तीन बायका. पुढं मोठ्या ताई, मग वकीलबाई, मग एक गप्प चेहऱ्याच्या डॉक्टरबाई, ज्यांचं काम रोग्यांना भूल द्यायचं असल्याचं ओळख करून देताना मुद्दाम सांगण्यात आलं.

"हेच का ते?" वकीलबाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं.

"हेच," मोठ्या ताई म्हणाल्या. "बनियनवरून ओळखला."

बायकोनं टॅब्लेट उचलला आणि उभ्या उभ्या पोस्ट वाचली. तिच्या चेहऱ्यावरून मनातलं कळत नसे, तो तिचा धंदाच होता. वाचून झाल्यावर ती त्याला हळूच म्हणाली, "मला क्षणभर वाटलं, मीच कधीतरी लिहून विसरले की काय."

तिघी सोफ्यावर बसल्या. त्याला काही सुचेना, म्हणून त्यानं चहा केला. कप समोर आल्यावर तिघींनी एकमेकींकडे सूचक पाहिलं.

"तू काळजी करू नकोस," मोठ्या ताई बायकोला म्हणाल्या. "आम्हाला आधी वाटायचं, ही एवढी शांत, एवढी नेमकी, हिला आपलं काय कळणार? आता सगळ्या म्हणतायत, जिच्या स्वतःच्या घरात असं आहे तिलाच कळेल. तुझ्या सहाच जणी होत्या ना? तिथं आता रांग लागलीय. मी स्वतः माझ्या बहिणीचं नाव देणार आहे."

हे ऐकून त्याच्या मनात एक उदात्त विचार आला. गप्प बसावं. आपण जन्मभर वाईट नवरा म्हणून वावरावं, भाजीवाल्यानं आपल्याला निवडून न देता वरची सडकी द्यावी, शेजाऱ्यांनी आपल्याला पाहून मुली आत बोलवाव्यात, पण बायकोचं काम भरभराटीला यावं. एका माणसानं एका संसारासाठी यापेक्षा जास्त काय करावं? त्याला स्वतःविषयी इतका आदर वाटला की तो किंचित हसला.

"बघ, हसतोय," वकीलबाई म्हणाल्या.

पण मोठ्या ताईंच्या 'तिलाच कळेल' या वाक्यावर बायकोनं मान खाली घातली होती. तिची मान खाली गेलेली त्यानं याआधी पाहिली नव्हती. तो पटकन म्हणाला, "पडदे."

"काय?"

"पोस्ट पडद्यांवर आहे. हे पडदे. तुमच्याकडे शब्द चालत नाही, म्हणून 'हे' घातलं. आईनंच दिलेत. वाचून बघा ना."

मुख्याध्यापिकेच्या हाती मजकूर दिल्यावर तो तपासला जाणारच. मोठ्या ताईंनी चष्मा लावला आणि एकेक वाक्य मोठ्यानं वाचत, आधी पडद्यांकडे आणि मग त्याच्याकडे बघू लागल्या. रंग उडाला आहे: दोघांचाही. फुगवटा: पडद्याला नव्हता. ते हवेवर अवलंबून असतं, असं तो सांगू लागला, तर त्याला गप्प बसवण्यात आलं. 'ओढले तरी हलत नाहीत,' ताईंनी वाचलं, उठल्या, आणि पडदा धरून ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा तो दांडीवरून सर्रकन या टोकापासून त्या टोकाला गेला. हूं नाही की चूं नाही. सकाळीच बायकोनं दांडीवर मेणबत्ती घासली होती.

"हे तर हलतात," ताई म्हणाल्या, आणि चारही बायका त्याच्याकडे पाहू लागल्या.

"बायको लिहिते आणि हा पडद्यामागं लपतो," वकीलबाई म्हणाल्या. मग बायकोकडे वळून, "तू सांग बाई. पोस्ट तूच लिहिलीस ना? हो म्हण, बाकी आम्ही बघतो."

नुसतं हो म्हणायचं होतं. बायको त्या कपाकडे बघत होती. तिनं हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. ती खोटं बोलणार नव्हती आणि चार लोकांत त्याचं नावही घेणार नव्हती. तिथून पुढं वाट एकच होती, आणि ती त्याच्या अंगावरून जात होती. कुणाला विचारायला वेळ नव्हता.

"ती मला 'हे' म्हणत नाही," तो म्हणाला. "कधीच म्हणाली नाही. 'अरे' म्हणते. पोस्ट मी लिहिली. तिच्या टॅब्लेटवरून. ती इथं नव्हतीच. तिला काहीच माहीत नव्हतं."

मोठ्या ताईंनी चष्मा काढला. या खोलीत आता कुणीतरी ओरडेल, असं त्याला वाटलं. ते बरं झालं असतं.

भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही ग्रुप वाचलात?"

"नाही. म्हणजे... सगळा नाही."

"माझ्या जाऊबाईंचं?"

"दोन्ही भाग," तो म्हणाला.

बाईंनी कप खाली ठेवला. आवाज होणार नाही इतक्या हळू ठेवला. "तिसरा आज लिहिणार होते," त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलून निघाल्या. बाकीच्या दोघीही उठल्या. दारात मोठ्या ताई बायकोला म्हणाल्या, "तुला ग्रुपमधून काढावं लागेल. नियम आहे. मला वाईट वाटतं." बायको म्हणाली, "काढा. मीही काढलं असतं."

त्या गेल्यावर घरात नुसता गुच्छाचा वास राहिला. त्याला वाटत होतं, ती आता चिडेल. आठ वर्षांत तिनं चिडायची कितीतरी कामं पुढं ढकलली होती. ती जाऊन पडद्याजवळ उभी राहिली.

"माझ्याकडे जी बाई येते ना," ती म्हणाली, "तिनं ते आईला सांगितलेलं नसतं, बहिणीला सांगितलेलं नसतं. आरशासमोर उभी राहून स्वतःलासुद्धा सांगितलेलं नसतं. मी काय विकणार होते रविवारपासून? खुर्ची? मी फक्त एवढंच सांगणार होते की हे इथून बाहेर जाणार नाही."

"मी काय करू?" तो म्हणाला, आणि त्यापुढचे दोन शब्द सवयीनं ओठांवर आले, ते त्यानं गिळले.

"त्या सहा जणींना सांग."

"मी?"

"तूच. नंबर मी लावून देईन, नाव तुला कळणार नाही. माझी बाजू मांडायची नाही. माफी मागून सुरुवात करायची नाही, त्यानं बायका फोन ठेवतात. काय केलंस ते सांगायचं. आणि मग त्या काय म्हणतील ते ऐकायचं."

तिनं नंबर लावला, फोन त्याच्या हातात दिला, आणि दार ओढून बाहेर गेली. पहिल्या बाईनं त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत फोन ठेवला. दुसरीनं विचारलं, "बनियनवाले तुम्हीच का?" तो हो म्हणाला. "बरं," ती म्हणाली आणि मग तिनं ठेवला. तिसरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबा, स्पीकरवर टाकते, परत सांगा." त्यानं परत सांगितलं. तिकडं बऱ्याच जणी असाव्यात, कारण कुणीतरी त्याला थोडं सावकाश बोलायला सांगितलं. चौथी म्हणाली, "मी येईन, पण तुम्ही घरात असता कामा नये. दाराबाहेर नाही, जिन्यातही नाही. इमारतीच्या बाहेर." पाचवीनं विचारलं, "ते पडदे जाड आहेत का?"

"मखमली आहेत," तो म्हणाला. "अस्तर गेलंय, पण जाड आहेत."

"मग ते काढू नका. आवाज बाहेर जाणार नाही."

सहावी काहीच बोलली नाही. तो बोलत होता तोवर तिकडून श्वास ऐकू येत होता, आणि मग तोही ऐकू येईना.

अशा रीतीनं 'हे रविवारच्या आत बदलायचे आहेत' या प्रश्नाचा निकाल लागला. हे राहिले, आणि हा गेला. रविवारी सकाळी बायकोनं तपकिरी पडदे ओढून घेतले, आणि तो खाली येऊन पाण्याच्या मोटरीशेजारच्या कट्ट्यावर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला कट्ट्यावर बसून काय काय करावं याचे सल्ले दिले. वरचे काका म्हणाले, "टोपी घाल." शेजारच्या मावशी म्हणाल्या, "टोपी घातलीस तर लपलास असं दिसेल, नाही घातलीस तर निर्लज्ज दिसशील." त्यानं टोपी हातात धरली.

स्पीकरवाली आली आणि गेली. जाड पडदे विचारणारी आली आणि गेली. दोघींनी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि बघितलं नाही हे दोघींनी चांगलं ठळकपणे केलं. इमारतीबाहेरची अट घालणारी फाटकातून आत डोकावली, तो खरंच बाहेर आहे याची खात्री केली, आणि वर गेली. उतरताना तिच्या चालण्यात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. वर काय बोलणं झालं असेल, हे जाणून घ्यायची त्याला एवढी इच्छा झाली की त्यानं टोपीचा गोळा केला.

ऊन कट्ट्यावरून उतरलं तेव्हा एक बाई फाटकाशी येऊन थांबली. आत येईना, परतही जाईना. तिनं त्याला ओळखलं होतं. त्याचा फोटो आता बराच लोकप्रिय होता. तिचा श्वास मात्र त्यानं ओळखला.

"तुम्ही वर जाणार नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी उतरेपर्यंत?"

"उतरल्यावरसुद्धा थोडा वेळ नाही."

ती घुटमळली. पर्सचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "आणि मी आले होते हे..."

"कोण आलं होतं?" तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो चेष्टा करतोय का, ते बघत असावी. मग ती जिना चढून गेली. वर दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज झाला, आणि त्यानंतर मखमलीतून काहीसुद्धा बाहेर आलं नाही.

तो उठला आणि तिला उतरताना आपलं तोंड दिसू नये म्हणून मोटरीच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली, तळाशी येऊन थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. वळावं, विचारावं, बरं वाटलं का, काय म्हणाली ती, असं त्याला आतून फार फार वाटलं. समोर भिंतीवर पाटी होती: 'मोटर चालू असताना झाकण उघडू नये.' त्यानं ती वाचायला घेतली. पावलं फाटकाबाहेर जाईपर्यंत तो ती पुन्हा पुन्हा, अगदी लक्ष देऊन वाचत राहिला.